रत्नमालाबाईंचा ताडपत्रीचा कोट

"यातून पाण्याचा थेंब आत येणार नाही," असं कुणी म्हटलं, की रत्नमालाबाई खिल्लारेंच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. शहागंजातल्या एका ताडपत्रीच्या दुकानात त्यांनी एकोणीस वर्षं शिलाई मशीन चालवलं. कापड कितीही भारी असू द्या, जिथून सुई जाते तिथून पाणीही जातं, हे त्या तिथं शिकल्या आणि पुढं माणसांनाही तोच नियम लावत गेल्या. दूधवाला असो नाहीतर सोयरीक घेऊन आलेला पाहुणा, बाई आधी शिवण तपासणार. त्यांचे यजमान धम्मपाल, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, म्हणायचे, "लग्नात हिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी कुठं उसवलोय का ते शोधायली."

दुकान बंद पडल्यावर बाईंनी पडेगावच्या घरी ओट्यावर मशीन मांडलं. तिथंच एका सकाळी सुदर्शन नावाचा तिशीतला माणूस बावीस जाकिटांचा गठ्ठा घेऊन आला. त्याचा डोंगर चढणाऱ्यांचा एक ग्रुप होता.

"काकू, प्रत्येकाच्या पाठीवर ग्रुपचं नाव शिवून द्या. पुढच्या रविवारी पिशोरच्या पलीकडं कडा चढायला चाललो. श्रावणातला पाऊस, म्हणून खास वॉटरप्रूफ माल आणलाय."

बाईंनी एक जाकीट उलटं केलं. "आतली पट्टी कुठाय?"

"कसली पट्टी?"

"शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असती. ती नसली तर हे जाकीट म्हणजे चाळण. अन् वरून तुम्ही मला पाठीवर अजून भोकं पाडायला सांगायलाव?"

सुदर्शन हसला. ते हसणं बाईंना आवडलं नाही. "दुकानदार खात्रीचा आहे हो. माझा मित्रच आहे."

झालं! मित्राचा माल. बाईंच्या मनात जे वळवळत होतं त्याला आता तोंड फुटलं. त्यांनी बाहीचं टोक सुतळीनं आवळलं, आत तांब्याभर पाणी ओतलं आणि जाकीट दोरीला टांगलं. चहा होईपर्यंत बाहीच्या शिवणीतून टपटप सुरू झाली.

"डोंगरावर बाहीत पाणी कोण ओततं, काकू?" सुदर्शनचा आवाजही आता चढला. "की तुम्हालाच नवीन कोट शिवून विकायचेत?"

हा घाव वर्मी बसला. आयुष्यभर दुसऱ्यावर संशय घेणाऱ्या बाईवर कुणीतरी उलटा संशय घेतला होता.

"मग मीबी येते," बाई म्हणाल्या. "बघू कोण भिजतं ते." आणि नाव न शिवताच त्यांनी गठ्ठा परत केला.

धम्मपालांना चहाचा ठसका लागला. पण एक्कावन्नाव्या वर्षीही बाई दर पौर्णिमेला लेण्यांचा डोंगर न थांबता चढायच्या. गुडघे शाबूत होते, आणि हट्ट तर त्याहून.

मग तयारी. शहागंजात बुटांच्या दुकानात बाईंनी पिशवीतून बाटली काढली, फरशीवर पाणी सांडलं आणि एकेक जोड घालून त्यावर पाय घासून पाहिला. तिसऱ्या जोडाला दुकानदार म्हणाला, "खाला, जूते लेरे या इनका इम्तिहान लेरे?" पाचवा जोड पास झाला. त्याचा तळ मऊ रबराचा होता आणि त्याला खोल खाचा होत्या.

कोट त्यांनी स्वतःच शिवला. पातळ ताडपत्रीचा, दुहेरी शिवणीचा, आणि प्रत्येक शिवणीवर आतून पंक्चरचं सोल्यूशन लावून पट्टी चिकटवलेली. तो घालून न्हाणीघरात उभ्या राहिल्या आणि धम्मपालांना बादल्या ओतायला लावल्या. आत टिपूसही नाही. आतून घालायला जाड सुती पंजाबी ड्रेस काढला. सुती कापडावर कसला आलाय संशय?

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी वाटाड्या उभा होता. सांडूमामा, साठीचा, वाळलेल्या शेंगेसारखा. अंगात पोरं खेळताना घालतात तसली पातळ नायलॉनची बनियन, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, आणि पोटाशी प्लास्टिकमध्ये गच्च बांधलेलं एक मोठं गाठोडं. तोंड बघायच्या आधी त्यानं सगळ्यांचे पाय बघितले. मंजुषा नावाच्या मुलीची जीन्स बघून म्हणाला, "पोरी, दुसरी प्यांट असंल तर घाल. ही भिजली की पायाला धोंडा बांधल्यावानी व्हती." मग बाईंकडं वळला.

"बाई, आत सुती घातलं व्हय?"

"का?"

"नाय, इचारलं."

बाई दोन पावलं मागं सरकल्या. बाईमाणसानं आत काय घातलंय, हे विचारणारा हा कोण? आणि त्या गाठोड्याला तो कुणाला हात का लावू देत नव्हता? अशा माणसाला नजरेसमोरच ठेवायचं, असं ठरवून बाई सगळ्यात मागं चालू लागल्या.

पावसानं अर्ध्या तासात निकाल लावला. कुणाच्या खांद्यातून, कुणाच्या काखेतून जाकिटं गळायला लागली. बाईंना वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. आता एकच बघायचं राहिलं होतं. या सुदर्शननं स्वतःसाठी नक्कीच चांगलं जाकीट ठेवलं असणार. एका वळणावर त्यांनी सरळ त्याची कॉलर मागून उचलली. आत शर्ट पाठीला चिकटलेला होता, आणि शिवणीवर पट्टी नव्हती.

"तुम्हीबी हेच घातलं?"

"मग काय, काकू?" त्याचे ओठ पांढरे पडले होते. "चांगलं वाटलं म्हणूनच घेतलं ना सगळ्यांना."

बाईंनी कॉलर सोडली. फसवणाऱ्याच्या अंगावर तोच माल नसतो, एवढं त्यांना कळत होतं.

कड्याखालच्या कपारीत सगळे टेकले आणि वाऱ्याचा झोत आला तशी बाईंना हुडहुडी भरली. कोटात हात घालून बघतात तर ड्रेस ओलाचिंब! त्या खांद्याची शिवण चाचपू लागल्या, मग काखेची. एकही पट्टी सुटली नव्हती. धम्मपालांनी त्या दिवशी बादल्या नीट ओतल्याच नसणार, असंही मनात येऊन गेलं.

"शिवण नका बघू, बाई," सांडूमामा म्हणाला. "ते पाणी आभाळाचं नाय, तुमचंच हाय. घाम. त्याला जायाला वाट कुठं ठिवली तुम्ही? अन् सुती कापड त्यो धरून बसतं. माझी बनियन बघा, भिजती अन् चालता चालता वाळती."

मग त्यानं ते गाठोडं सोडलं. आत कोरडेठाक लोकरी स्वेटर होते, जुने, कोपराला रफू केलेले. एक त्यानं बाईंपुढं धरला. दातावर दात वाजत होते तरी बाईंनी तो आधी नाकाशी नेला.

"धुतलाय का?"

"धुतलाय, बाई."

मंजुषानं तोच ताडपत्रीचा कोट आडोशाला धरला आणि बाईंनी मागं कपडे बदलले. वर खडक शेवाळलेला होता, निम्मी माणसं कुडकुडत होती. सांडूमामानं मान हलवली आणि सुदर्शननं हुज्जत न घालता सगळ्यांना खाली उतरवलं.

सोमवारी बाई स्वतः सुदर्शनबरोबर त्याच्या मित्राच्या दुकानात गेल्या. चार गिऱ्हाइकांसमोर जाकीट उलटं करून त्यांनी एवढंच विचारलं, "पट्टी कुठाय?" बावीसच्या बावीस परत गेली.

मग ग्रुपचे कोट बाईंनीच, घामाला वाट म्हणून काखेत झाकणाची खिडकी ठेवून शिवले आणि प्रत्येक कोट अंगात घालून शेजारच्या तीन मजली इमारतीच्या जिन्यावर वीसदा चढउतार केली. पुढच्या वर्षीच्या श्रावणात त्याच कड्यावर सगळे माथ्यापर्यंत गेले. आत पातळ बनियन, पाठीवरच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये बांधलेलं लोकरीचं. वर नुसते ढग. हातभरापलीकडं काही दिसेना.

"एरवी इथून अख्खं पिशोर दिसतं, काकू," सुदर्शन म्हणाला.

"दिसतं म्हणे," बाई म्हणाल्या आणि ढग हटतात का ते बघत तिथंच खडकावर बसून राहिल्या.