अण्णांसाठी नवा फोन

"ह्याच फोनवर आमची आरती वाजवणार व्हय?"

अण्णांनी हे मला नाही, सरांना विचारलं. फोन माझ्या हातात होता. त्यातून माझ्या आईचं गाणं वाजून नुकतंच थांबलं होतं आणि इयरफोनची वायर धरून मी उभी होते. सगळं ऑफिस माझ्याकडं बघत होतं.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीत, दाताच्या दवाखान्याच्या वर. आम्ही मोबाइलची ॲप बनवतो. सर मालक. अण्णांचा भजन-कीर्तनाचा ट्रस्ट, त्यांना आरत्या ऐकवणारं, कीर्तनं दाखवणारं ॲप हवं होतं. त्यातला प्लेअर माझ्याकडं. प्लेअर म्हणजे नुसतं बटण नव्हे. कुणाचा कॉल आला की गाणं थांबलं पाहिजे, बोलणं संपलं की तिथूनच पुढं सुरू झालं पाहिजे. स्क्रीन बंद केली तरी वाजत राहिलं पाहिजे. रेंज कमी झाली तर चित्र धूसर झालं तरी चालेल, आवाज तुटता कामा नये. ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही. कळू नये, हेच माझं काम.

ॲप गगनबावड्याकडच्या वाड्यांतही चाललं पाहिजे, असं अण्णांनी बजावलं होतं. म्हणून भर पावसात मी एसटीनं तिकडं जायचे. हाच फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून. धुक्यात उभं राहून रेंज कुठं जाते, गाणं कुठं अडकतं ते बघायचे. भिजून घरी आले की अंग मोडून यायचं. तेव्हा अण्णांना तो फोन चालत होता.

ट्रस्टची रेकॉर्डिंग अजून यायची होती. तोवर टेस्टिंगला मी आईचं गाणं लावायचे. आई आमच्या विहारात गाते. बाबासाहेबांवरचं हे गाणं तिनं स्वतः जोडलेलं. मी ते स्वयंपाकघरातच रेकॉर्ड केलं होतं, मधे कुकरची शिट्टीसुद्धा होते. मला इतकं पाठ की कणभर तुटलं तरी कानाला लगेच कळायचं.

इयरफोन निघाला की गाणं आपोआप गप्प झालं पाहिजे, चारचौघांत फोनमधून मोठ्यानं बाहेर पडता कामा नये, अशी सोय प्रत्येक प्लेअरमध्ये करावी लागते. त्या दिवशी मी तीच करत होते. अजून पुरी झाली नव्हती. वायर ओढून बघितली आणि आईचा आवाज ऑफिसभर झाला. नेमके अण्णा सरांच्या केबिनमध्ये बसलेले. दार उघडं.

अण्णा बाहेर आले. हसऱ्या तोंडाचा माणूस. त्यांनी माझं आडनाव विचारलं. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं, त्यामुळं तेवढ्यानं त्यांचं भागलं नाही. मग गाव विचारलं. मी कसबा बावडा म्हणून सांगितलं.

"बावड्यात कुठं?"

"विहाराजवळ."

"आसू दे, आसू दे," अण्णा म्हणाले. जसं काही मी माफीच मागितली होती. आणि मग सरांकडं वळून त्यांनी फोनचं विचारलं.

सर हसले. नवा घेऊ की, म्हणाले. शेजारच्या टेबलावरची प्राजक्ता कीबोर्डकडं बघत राहिली. आम्ही दोघी रोज एका डब्यात जेवायचो.

दुसऱ्या दिवशी नवा फोन आला. ॲप मी तयार करून प्राजक्ताला पाठवायचं, त्या फोनमध्ये घालायचं तिनं, असं सरांनी सांगितलं. मी हात लावायचा नाही, असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती. जुना फोन माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "हा तुझ्याकडंच ठेव."

मी बसून राहिले. नव्या फोनमध्ये जे वाजणार त्यातली ओळ न ओळ माझी. त्याला विटाळ नाही. काचेला झाला, प्लास्टिकला झाला. खरं तर हसू यायला हवं होतं. रागही आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. मला नुसतं दमल्यासारखं झालं, आणि मी ॲप तयार करून पाठवून दिलं.

आठवड्याभरात सरांनी बोलावून घेतलं. "हे बघ, मला काय नसतंय गं. पण अण्णा जुन्या वळणाचं माणूस. ते येतील त्या दिवशी तू घरातनं काम कर. तुझा पण जाण्यायेण्याचा तरास वाचंल."

उपकार केल्यासारखं बोलले. मीही बरं म्हणाले. अण्णा आधी कधीतरी यायचे, मग वरचेवर यायला लागले. मी घरात. ॲपमधलं त्यांना काही समजून घ्यायचं असलं की प्राजक्ता बाहेर येऊन मला फोन करायची. मी सांगायचे, ती आत जाऊन तेच बोलायची.

आई उसाच्या भांगलणीला, तण काढायला जाते. एका दुपारी ती लवकर घरी आली. मला लॅपटॉप घेऊन बसलेली बघून सुट्टी आहे का म्हणाली. मी सांगितलं, सरांनी सवलत दिलीय, अण्णा येतात तेव्हा घरून काम. ती मोरीच्या कट्ट्यावर पाय धूत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी त्यो आत आला की तू भाईर," ती म्हणाली.

मग तिनं पाय धुतले आणि चहा ठेवला. तिला ओळखायला क्षण लागला नाही. मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्याला सवलत म्हणत होते. माणसाला गावकुसाबाहेर बसवायला आता गाव लागत नाही, वायफाय पुरतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला. स्वतःच्या आईपुढं मान वर करवेना.

ॲपचं उद्घाटन जवळ आलं. शेवटचं बघायला अण्णा ऑफिसात येणार होते. सरांचा मेसेज आला, उद्या घरून. मी वाचला आणि सकाळी नेहमीची बस धरली. जाऊन खुर्चीत बसले. सर दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन परत गेले.

अण्णा आले. दारात चप्पल काढता काढता त्यांना मी दिसले आणि ते तिथंच थांबले. सर घाईनं म्हणाले, ती निघालीच आहे.

"मी कुठं निघाले नाही, सर," मी म्हणाले. उभी राहिले. "अण्णा, तुमच्या आरत्या जे वाजवतंय ते मी लिहिलंय. फोन नवा घेतलासा, पण आत मीच हाय. काय इचारायचं ते मला इचारा."

अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. काढलेली चप्पल परत पायात सरकवली आणि जिना उतरून गेले. सर त्यांच्यामागं धावले.

परत आल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं. अण्णा काम काढून घेतील, सगळ्यांच्या पोटावर पाय येईल, आणि तो तुझ्यामुळं, म्हणाले. काचेतून प्राजक्ता दिसत होती. तिच्या घरी तीच कमावती. वाईट वाटलं. पण पाय अण्णा देणार होते आणि हिशेब माझ्याकडं मागितला जात होता.

"मला काढायचं तर काढा, सर," मी म्हणाले. "पण कारण खरं लिहून द्या. हिच्या आईचं गाणं वाजलं म्हणून काढली, असं लिहा आणि खाली सही करा."

सरांनी अजून काही लिहून दिलेलं नाही. अण्णांचं काम राहिलं की गेलं, मला कुणी सांगत नाही. प्राजक्ता आता वेगळी जेवते. मी दमलेय, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी बसमधून उतरताना पाय उचलत नाहीत.

पण मी रोज जाते. अण्णा येवोत, त्यांच्यासारखे आणखी कुणी येवोत, मी खुर्चीतून उठणार नाही. ज्याला हे चालत नसेल त्यानं घरून काम करावं.