न रडण्याची बाहुली

‘रडली नाहीस तर बक्षीस’ असं लहान पोराला सांगणारा माणूस दिसला की आजही माझं डोकं फिरतं. आमच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला हेच सांगितलं होतं. नेमकं वर्ष आठवत नाही, पण सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पाच-सहा वर्षांची होते.

माझी खालची दाढ किडली होती. दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की मी पलंगाखाली शिरायची. शेवटी अप्पांनी मला सोलापूरच्या नव्या पेठेत नेऊन दुकानातली बाहुली दाखवली. निजवली की डोळे मिटणारी. ‘‘खुर्चीत रडली न्हाईस, वरडली न्हाईस, तर ही तुझी की,’’ ते म्हणाले. झालं, मी पाघळले.

डॉक्टर विजापूरकडचे, सोलापुरात नुकतेच आलेले. मराठी त्यांना नावालाच यायचं. अप्पा त्यांच्याशी कानडीत बोलत होते. आमच्या घरात मात्र आईमुळे मराठीच; माझं कानडी ‘ये, बस, जेव’ एवढ्यावरच संपायचं.

सुई टोचली, पण दाढ धड बधिर झालीच नव्हती. चिमटा लागला आणि जीव कळवळला. रडले असते तर बाहुली गेली असती. म्हणून चिमट्याआडून मी शहाण्यासारखं एवढंच म्हणाले, ‘‘हळू, हळू.’’

‘‘हौदु, हल्लु, हल्लु,’’ डॉक्टर ‘हो, हो’ अशी मान डोलावत म्हणाले. मला वाटलं, कळलं त्यांना. मी बिचारीनं तोंड आणखी उघडलं आणि त्यांनी आणखी जोर लावला. मी पुन्हा हळू म्हणाले, ते पुन्हा हल्लु म्हणाले. दाढ निघेपर्यंत हेच चाललं. अप्पा खुर्चीला खेटून, माझा हात धरून उभे होते.

बाहुली मिळाली. मी तिला कडेवर घेऊन गल्लीभर मिरवलं.

चार दिवसांनी अक्कलकोटची आत्या आली. अप्पांनी तिला सगळं रंगवून सांगितलं. ‘‘ही म्हणतीय हळू, आन् डॉक्टरला ऐकू येतंय हल्लु! त्याला वाटलं, पोरगी दात दाखवतीय!’’ कानडीत हल्लु म्हणजे दात, हे मला तेव्हा कळलं. आत्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांना माझी भाषा येत नव्हती, त्यांचं काय घेऊन बसायचं? दोन्ही भाषा येणारा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि त्यानं माझा हात धरला होता.

‘‘मग तुमी त्यास्नी का न्हाई सांगितलं?’’ मी विचारलं.

अप्पांचं हसू थांबलं. ‘‘बाहुली मिळाली की तुला,’’ ते म्हणाले.

मी बाहुली त्यांच्या मांडीवर आपटली, आणि मग मोठ्यांदा भोकाड पसरलं.