गिझीने सामान परत केलं नाही

बोरोकाने पाच खेळ एकत्र असलेलं पेंटॅथलॉन सोडलं तेव्हा घरात कुणी ब्र काढला नसेल, तर तो तिच्या आईने, गिझेलाने. लेक अठरा वर्षांची, देब्रेत्सेनला शिकायला निघालेली. जेवता जेवता म्हणाली, "आई, आता मला तलवार नको, घोडा नको, पोहणं नको, काही नको. मला शनिवारी दुपारपर्यंत झोपायचंय."

"झोप की," गिझी म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या घेवड्याच्या सूपमध्ये दोनदा मीठ घातलं.

हे मला माहीत, कारण तिच्या शेजारच्या शेगडीवर मी असते. मी रोझालिया. आमच्या सेंतेश गावच्या प्राथमिक शाळेतल्या पोरांचं दुपारचं जेवण आम्ही दोघी रांधतो, आणि पोरं आमच्या नावाने नाकं मुरडत ते खातात.

लेक लहान असल्यापासून गिझीचं संध्याकाळचं आयुष्य ठरलेलं होतं. तिला पोहण्याच्या तलावावर न्यायचं, बाकावर बसून राहायचं, मग तलवारीच्या हॉलवर न्यायचं, घामाने पिवळं पडलेलं पांढरं जाकीट घरी आणून हाताने धुवायचं. बोरोका गेली आणि संध्याकाळी काय करावं हे तिला सुचेना. एकदा तर सवयीने गाडी काढून तलावापर्यंत गेली, मागच्या सीटवर कुणी नाही हे तिथे पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

तिचा नवरा लोरिंत्स ट्रॅक्टर दुरुस्त करतो. बोलतो कमी, पण बोलला की लागतं. तो म्हणाला, "ते सामान क्लबात देऊन टाक बाई. खुर्चीवर तो जाळीचा मुखवटा दिसला की मला वाटतं, तुझी आईच येऊन बसलीय."

पिशवी जड म्हणून तिने मला बरोबर घेतलं. हॉलमध्ये देझोकाका होते. सत्तरी उलटलेली, पाय धनुष्यासारखे वाकडे, मिशी मात्र तरुण. अर्ध्या गावाला त्यांनी तलवार धरायला शिकवलं असेल. आता पोरं कमी झाली म्हणून संध्याकाळी ते मोठ्यांनाही घ्यायचे. एक औषधांच्या दुकानाचा मालक, एक ट्रकचालक आणि असेच दोघे-चौघे पोट सुटलेले बाप्ये.

काकांनी पिशवी उघडली. "मुखवट्याचा पट्टा सैल झालाय का बघायला हवं. घाल."

"मी?" गिझीने विचारलं.

"मग काय मी घालू? माझी मिशी अडकते."

गिझीने मुखवटा घातला. काकांनी तिच्या हातात तलवार दिली, स्वतः दुसरी घेतली, आणि म्हणाले, "मला टोच."

"अहो काका, काहीतरीच काय!"

"टोच म्हणतो ना!"

तिने टोचलं. काकांच्या छातीवर, बरोबर मध्यभागी. तलवार वाकली, आणि गिझी मुखवट्याआडून ओरडली, "अगंबाई! लागलं का हो? माफ करा!"

काका हसता हसता खाली बसले. मग म्हणाले, "मंगळवारी ये. आणि जेवून येऊ नकोस."

पिशवी जशी नेली तशीच घरी परत आली.  वाटेत गिझीचे गाल लाल झाले होते, आणि ते थंडीने नव्हते.

पुढचे महिने गावाला करमणूक झाली. गिझी तेव्हा पंचेचाळिशीची होती, बांधा माझ्यासारखाच, म्हणजे भरलेला. आमच्याकडच्या सगळ्या बायका पोहतात तशी ती पोहायची; मान वर काढून, केस कोरडे ठेवून, शेजारणीशी गप्पा मारत. काकांनी काठावरून काठी आपटली. "तोंड पाण्यात घाल! तिथे कुणी ओळखीचं नाही!" तिने तोंड घातलं, अर्धा तलाव प्याली, खोकत वर आली, पुन्हा घातलं. तलवारीच्या हॉलमध्ये ती मनगट गोल गोल फिरवायची. काका म्हणायचे, "बाई, ही तलवार आहे, डाव नव्हे. ढवळू नकोस!" पहाटे कुर्त्सा नदीच्या काठाने धावायला लागली तेव्हा बदकांनाही नवल वाटलं असेल. नेमबाजी मात्र तिला पहिल्या दिवसापासून जमली. पिस्तुलातून गोळी नव्हे, प्रकाशाचा किरण निघतो; हात स्थिर हवा. भरलेलं पातेलं न सांडता उचलणारीचा हात तो, हलणार कशाला?

"घरात आता जपून वागायला हवं," लोरिंत्स म्हणाला.

लेकीला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते काकांकडूनच कळलं. फोन आला तेव्हा आम्ही बटाटे सोलत होतो, आणि बोरोकाचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता.

"आई, तू माझं जाकीट घालतेस?"

"दंडात थोडं घट्ट होतं. उसवून घेतलं."

"उसवलंस? आई, लोक हसतील गं!"

"हसतात की. मीही हसते. तू जेवलीस का?"

पुढच्या शनिवारी बोरोका घरी आली, ती भांडायच्या तयारीनेच. आईला हॉलमध्ये बघायला गेली, बाकावर हाताची घडी घालून बसली. पाच मिनिटं झाली असतील नसतील, तिचा धीर सुटला. "आई, गुडघा! गुडघा वाकव! मागच्या पायावर किती वेळ बसणार आहेस?" काका हळूच बाजूला झाले आणि खुर्ची ओढून कॉफी पीत बसले.

राहता राहिला घोडा. घोड्याला गिझी मनापासून घाबरायची. गावाबाहेरच्या तबेल्याची मालकीण एतेल्का धिप्पाड बाई, शब्दाने घोड्यालाही सरळ करणारी. तिने गिझीला पहिल्यांदा वर चढवलं तेव्हा गिझीने डोळे मिटले. "डोळे उघड," एतेल्का म्हणाली, "त्याने उघडे ठेवलेत, तूही ठेव. एकाने तरी बघायला नको का?" हिवाळाभर ती दर रविवारी तिकडे गेली, दोनदा पडली, एकदा शेणातही पडली, आणि हळूहळू छोट्या काठ्यांवरून उडी घ्यायला शिकली. पण उडी आली की डोळे मिटायची खोड काही गेली नाही.

मे महिन्यात आमच्या क्लबाने आसपासच्या गावांतल्या हौशी मोठ्यांसाठी स्पर्धा भरवली. मी पोगाचांनी, म्हणजे छोट्या खाऱ्या पावांनी, भरलेली टोपली घेऊन सकाळीच हजर. एवढ्या लोकांत बायका गिझीसकट तिघीच, म्हणून पुरुषांबरोबरच त्यांना उतरवलं.

या खेळात तलवारीचा सामना एकाच टोचण्याचा असतो. ज्याचं टोक आधी लागलं तो जिंकला. पहिले सामने गिझी हरली, सरळ हरली. समोरचे नाचत यायचे आणि ती नुसती बघत राहायची. मग बोरोका तिच्या कानाशी जाऊन म्हणाली, "त्यांचा नाच संपायची वाट कशाला बघतेस?" त्यानंतर गिझीने वाट बघितली नाही. एका उंच दंतवैद्याला टोचलं, मग त्या ट्रकचालकाला, मग आणखी कुणाला. प्रत्येक वेळी "माफ करा हं, लागलं का?" इतक्या कळकळीने विचारायची की शेवटी सगळा हॉल तिच्याबरोबर एका सुरात ते म्हणू लागला. पंचांनाही हसू आवरेना.

पोहण्यात ती शेवटून दुसरी आली. पण तोंड पाण्यात ठेवून.

मग घोडा. या खेळात कुणी आपला घोडा आणत नाही, चिठ्ठी काढायची आणि जो येईल त्यावर बसायचं. गिझीने चिठ्ठी उघडली, वाचली आणि माझ्याकडे बघितलं. "अक्रोड," ती म्हणाली. अक्रोड म्हणजे तबेल्यातला सगळ्यांत हट्टी घोडा. मनात आलं तर उडी, नाहीतर ढिम्म.

पहिल्या काठीपाशी तो ढिम्म उभा राहिला. गिझीने टाच मारली, तो हलला नाही.  मग ती वाकली आणि त्याच्या कानात बोलू लागली. शाळेत न जेवणाऱ्या पोरांशी ती ज्या सुरात बोलते, तोच सूर. "चल रे राजा, एकच. एकच घे, मग नको घेऊस. आईसाठी एक." अक्रोडने कान हलवले आणि काठी ओलांडली. दुसरी ओलांडली. तिसरी तर अशी ओलांडली की गिझीच्या तोंडून आनंदाची किंकाळी फुटली. ती ऐकून बिचकला की त्याला वास आला देव जाणे. तो कुंपण ओलांडून थेट आमच्या मंडपात घुसला आणि माझ्या टोपलीतल्या पोगाचा खाऊ लागला.

"गिझे, उतर!" मी ओरडले.

"उतरू कशाला?" वरून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "रोझी, मी डोळे मिटले नाहीत गं! एकदाही नाही!"

घोड्याच्या गुणांत भोपळा मिळाला. गुण कमी तो मागून सुटतो, त्यामुळे शेवटच्या धावणं-नेमबाजीत ती सगळ्यांच्या मागून सुटली. दोरीपलीकडून बोरोका तिच्या बरोबरीने धावत होती, "श्वास सोड! खांदे खाली!" आणि लोरिंत्स, जो कधी बसथांब्यापर्यंतसुद्धा पळत नाही, तो लेकीच्या मागे हातात पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत होता. नेमबाजीच्या टेबलापाशी दंतवैद्याचे नेम चुकत होते. गिझी आली, श्वास घेतला, पाचही लक्ष्यांचे दिवे हिरवे केले आणि पुढे निघून गेली. जाता जाता त्यालाही म्हणालीच, "माफ करा हं!"

बक्षीस मिळालं नाही. शेवटून चौथी. संध्याकाळी सोडा घातलेली वाइन पीत आम्ही सगळे तबेल्याच्या अंगणात बसलो, आणि दंतवैद्याने तिला विचारलं, "पुढच्या वर्षी येणार ना?" गिझीने उत्तर द्यायच्या आधी लोरिंत्सच म्हणाला, "येणार. घरात ठेवून आम्ही तरी काय करणार?"

याला बरीच वर्षं झाली. ती अजून खेळते. मधे क्लबाने कळवलं, मोठ्या स्पर्धांसारखा आता आपल्याकडेही घोडा बंद, त्याऐवजी अडथळ्यांची शर्यत. भिंती चढायच्या, कड्यांना लोंबकळत पलीकडे जायचं. गिझी दोन दिवस फणफणली. तिसऱ्या दिवशी लोरिंत्सने परसातल्या दोन बाभळींमध्ये लोखंडी दांडा जोडून दिला.

परवा त्यांच्याकडे व्हिनेगर मागायला गेले, तर ही त्या दांड्याला लोंबकळतेय, लाल मिरचीसारखा चेहरा, आणि कुंपणापलीकडून शेजारचे म्हातारे आजोबा विचारतायत, "गिझीताई, खाली उतरायला मदत पाठवू का?"

"नको," ती दात आवळून म्हणाली, "पण वेळ जात नसेल तर तुम्हीही या. दांडा लांब आहे."

आजोबांनी थोडा विचार केला आणि फाटकाची कडी काढली.