माझ्या नावावरचे पैकीच्या पैकी गुण

परवा व्हिडिओ कॉलवर तुमचे चेहरे दिसत होते, पण आवाज येत नव्हता. मी पाच मिनिटं बटण शोधत बसले. धाकटीने तिकडून कागदावर लिहून दाखवलं, 'आजी, शेजारच्या काकूंना बोलाव, त्या लावून देतील.' मी मान हलवून नाही म्हटलं. बटण सापडलं तोवर तुमची शाळेची वेळ झाली होती. आजी हट्टी आहे असं तुम्हाला वाटलं असेल. हट्टी मी आहेच, पण या एका हट्टाला कारण आहे. ते क्रमाने लिहिते.

माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. आंधळगावच्या पुढे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध एक गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषद शाळेची मी मुख्याध्यापिका होते. वरून आदेश आला की प्रत्येक शाळाप्रमुखाने तंत्रज्ञानाचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं. आठ घटक, प्रत्येक घटकाच्या शेवटी वीस प्रश्नांची चाचणी, आठही झाले की प्रमाणपत्र.

आमच्याकडच्या शाळांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. प्रत्येक शाळेत एक जण ऑनलाइनवाला असतो. पोषण आहाराची रोजची माहिती भरणं, हजेरी टाकणं, कार्यक्रमाचे फोटो चढवणं, सगळं त्याच्याकडे. मुख्याध्यापकाचा पासवर्डसुद्धा त्याच्याच वहीत असतो. मुख्याध्यापक फक्त सही करतो. यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

आमच्या शाळेत हे काम एका शिक्षिकेकडे होतं. तिचं वय छत्तीस. डी.एड. करून ती कितीतरी वर्षं भरतीची वाट पाहत बसली होती. वडील चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला होते, आई घरी विड्या वळायची, आणि घरात सरकारी नोकरी लागलेली ही पहिलीच. पण नोकरी अजून पक्की नव्हती. ती शिक्षणसेवक म्हणून लागली होती. तीन वर्षं मानधनावर काढायची, मग मुख्याध्यापकाचा अहवाल आणि तालुक्याच्या शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांची शिफारस लागली की कायम. तिची तीन वर्षं पुढच्या दोन महिन्यांत संपत होती.

मी तिला म्हटलं, "माझं ते प्रशिक्षण तूच करून टाक."

कारण मी पोषण आहाराच्या तपासणीचं सांगितलं. खरं कारण निराळं होतं. मी इंग्रजीत एम.ए. केलेली बाई, तालुक्यात 'इंग्रजीवाल्या मॅडम' म्हणून ओळखली जाणारी. आणि मोबाइलवर एक चौकोन उघडला की माझ्या हाताला घाम सुटायचा. हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

तिने आठही घटक पूर्ण केले. आणि मी, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणारी, प्रशिक्षण नोंदवहीच्या एकतिसाव्या पानावर आठ ओळी लिहिल्या. घटक, तारीख, गुण. शेवटच्या रकान्यात, 'माझ्या लॉगिनवरून यांनी पूर्ण केले', आणि पुढे तिचं नाव. निळ्या शाईत, खाली माझी सही. आपण काही चुकीचं लिहितोय असं तेव्हा मनातही आलं नाही.

महिन्याभराने तालुक्याच्या गावी, मोहाडीला, सगळ्या मुख्याध्यापकांना एका दिवसाच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला बोलावलं. विस्तार अधिकारी स्वतः शिकवणार होते. माणूस माझ्या मुलाच्या वयाचा, बोलणं मोजकं. समोर पडदा, टेबलावर लॅपटॉप. त्यांनी एक यादी काढली आणि म्हणाले, "तालुक्यात एकाच शाळाप्रमुखांना आठही चाचण्यांत वीसपैकी वीस आहेत. मॅडम, या. मुलांसाठी ऑनलाइन प्रश्नपेढी कशी बनवायची ते तुम्हीच दाखवा सगळ्यांना."

माझ्या शेजारी बसलेले एक जुने गुरुजी कोपर मारून म्हणाले, "जा न बाई. इंग्रजीवाल्या तुम्ही, तुमाले काय कठीण?"

मी पुढे गेले. माउस हातात धरला. पडद्यावर बाण भलतीकडेच पळाला. नवीन पान कुठून उघडायचं ते मला माहीत नव्हतं. मी एका चिन्हावर दाबलं, सगळं नाहीसं झालं. मागून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. त्या खोलीतल्या कितीजणांनी आपल्या चाचण्या स्वतः दिल्या होत्या, देव जाणे. पण त्या क्षणी जो तो आपल्या वहीत पाहत होता.

अधिकारी जवळ आले. माझ्या हातातून माउस घेतला नाही, नुसतं हळू आवाजात म्हणाले, "बसा मॅडम. उद्या तुमच्या शाळेत येतो. प्रशिक्षण नोंदवही काढून ठेवा."

शाळेत परत आले तेव्हा मुलं घरी जाऊन शाळा रिकामी झाली होती. ती शिक्षिका एकटी ऑफिसात हजेरी भरत बसली होती. मी झालेलं सांगितलं. तिने उठून कपाटातून नोंदवही काढली, एकतिसावं पान उघडलं आणि आपल्या नावावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे काहून लिहिलं तुम्ही?"

मी उलट तिलाच विचारलं, "आणि तू सगळी उत्तरं बरोबर काहून लिहिली? दोन-चार चुकवायची होती."

"बरोबर उत्तर माहीत असून चुकीचं कसं टाकू? हातच नाही होत माझा."

तिने ते पान चिमटीत धरलं.

"पान फाडून टाका न मॅडम," ती म्हणाली.

मी नोंदवहीचं पहिलं पान उलटून तिच्यासमोर धरलं. तिथे माझ्याच हातचा दाखला होता, 'या नोंदवहीत १ ते १०० पाने आहेत.' प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आकडा घातलेला. तीसनंतर एकदम बत्तीस आलं असतं.

"मंग पूरी वही नवीन करू. मी लिहून देतो सकाळपर्यंत." तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "बारा दिवस राहिले मॅडम. बारा दिवसांत माझे तीन वर्ष पुरे होऊन राहिले. बाबा रोज फोन करून विचारतात, झाली का पक्की, झाली का पक्की. त्याईले काय सांगू मी?"

नवी वही करणं मला अशक्य नव्हतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. कपाटात कोरी वही होती. मी ती काढली, टेबलावर ठेवली, आणि टोपण काढून पेनही हातात घेतलं. पण नव्या वहीत लिहायचं काय? आठही घटक मी केले म्हणून? मग अधिकाऱ्यांनी मला लॅपटॉपसमोर बसवलं की पुन्हा तेच. मी पेनला टोपण लावलं. जुन्या वहीत, आठव्या ओळीखाली, लाल शाईने लिहिलं, 'वरील काम माझ्या तोंडी आदेशावरून झाले आहे. जबाबदारी सर्वस्वी माझी.' तारीख आजची घातली.

ती पर्स उचलून निघून गेली. मला जाते म्हणून सांगितलंही नाही. तीन वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी साडेअकराला आले. चहा नको म्हणाले. एकतिसावं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"मॅडम, हे लाल शाईतलं कालचं दिसतंय."

"हो. मोहाडीहून आल्यावर लिहिलं."

त्यांनी तिला बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"दुसऱ्याच्या नावाने चाचणी देणं गैर आहे, माहीत होतं?"

"होतं सर."

"मग नाही म्हणता येत नव्हतं?"

ती काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "माझ्या अहवालावर जिची नोकरी अवलंबून आहे, ती मला नाही कशी म्हणेल? हे मला आधीच कळायला पाहिजे होतं."

त्यांनी शेरेबही, म्हणजे अधिकाऱ्यांनी भेटीचे शेरे लिहायची वही, मागितली आणि ते लिहायला लागले. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली. शेरा असा होता, की मुख्याध्यापिकांचे आधीचे निकाल रद्द करण्याबाबत कळवण्यात येईल, त्यांनी आठही घटक स्वतः पूर्ण करावेत, आणि ते झाल्याशिवाय शिक्षिकेच्या कायम करण्याच्या प्रस्तावावर शिफारस दिली जाणार नाही.

"सर, शिक्षा मला द्या," मी म्हटलं. "तिला कशाला अडकवता?"

"तुम्ही अडकवलंत, मॅडम," ते उठता उठता म्हणाले. "आता तुम्हीच सोडवा."

तर असं झालं. तिने माझी परीक्षा दिली होती, आता तिच्यासाठी मला द्यायची होती. दिवस अकरा. प्रत्येक चाचणीला तीनच संधी, पास व्हायला वीसपैकी चौदा. तिने माझ्याजवळ बसायचं नाही, काही सांगायचं नाही, हे आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं.

पहिले दोन दिवस मी एकही चाचणी उघडली नाही. नुसती माहिती वाचली, वहीत उतरवून काढली. पहिला घटक पास झाले, दुसऱ्यात दहा गुण. दुसऱ्या संधीला मागे जाण्याचं चिन्ह चुकून दाबलं गेलं आणि अख्खी संधी वाया गेली. त्या दिवशी मला डबा गेला नाही. तिसऱ्यांदा मी प्रत्येक प्रश्न आधी कागदावर सोडवला, मग बोट लावलं. सोळा.

ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. पण ऑफिसवरून जाताना तिची पावलं दाराशी हळू व्हायची, ते मला ऐकू यायचं.

सातवा घटक दहाव्या दिवशी संपला. आठवा प्रश्नपेढीचा, ज्याने मोहाडीत माझी फजिती केली होती तो. त्याच दुपारी दोन संधी गेल्या, अकरा आणि तेरा. तेरा! एक गुण. शेवटचा दिवस आणि शेवटची संधी उरली.

आमच्या शाळेत नेटवर्क फक्त ध्वजाच्या ओट्यापाशी नीट येतं. सकाळी मी तिथे खुर्ची मांडली, पदराने फोनवर सावली धरली आणि बसले. समोरच्या वर्गात ती चौथीला पाढे म्हणायला लावत होती. तेराचा पाढा चालला होता. मध्येच तो थांबला. मुलांना गप्प करून ती खिडकीशी येऊन उभी राहिली असावी. मी मान वर केली नाही.

वीस प्रश्न झाले. काहींची उत्तरं पक्की, काहींची अंदाजाने. 'जमा करा' या बटणावर बोट नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. पस्तीस वर्षांपूर्वी विद्यापीठाची परीक्षा देतानाही मला इतकी भीती वाटली नव्हती. तेव्हा नापास झाले असते तर फक्त मी झाले असते. मी बटण दाबलं. पडद्यावर एक चकती फिरत राहिली. नेटवर्कची एक काडी गेली, परत आली.

चौदा.

मी वर्गाकडे पाहून हाताची चार बोटं दाखवली. तिला वाटलं चारच मिळाले. तिचा चेहरा पांढरा पडलेला पाहून मला चूक कळली आणि मी ओरडले, "चौदा! चौदा!"

ती धावत आली. फोन हातात घेऊन आपल्या डोळ्यांनी पाहिलं. मग फोन परत देत म्हणाली, "काठावर, मॅडम! जीवच घेतला असता तुम्ही माझा."

प्रस्ताव त्याच दुपारी ती स्वतः घेऊन गेली आणि शिफारशीची सही घेऊनच परतली.

मी निवृत्त झाले तेव्हा तिला कायम होऊन चार महिने झाले होते. कार्यभार देताना प्रत्येक वही तपासून यादी करावी लागते. नवे मुख्याध्यापक यादी लिहीत होते, ती पानं मोजत होती. प्रशिक्षण नोंदवही आली. एकतिसाव्या पानावर तिचं बोट जरा थांबलं. वरच्या निळ्या ओळी, त्याखाली लाल ओळ, आणि त्याखाली माझ्या स्वतःच्या आठ ओळी, शेवटच्या ओळीत चौदा. तिने पान उलटलं आणि शंभरपर्यंत मोजत गेली.

"प्रशिक्षण नोंदवही एक," तिने लिहून घ्यायला सांगितलं. "पानं एक ते शंभर. सगळी शाबूत."