शेराचं वजन

१२ मे. ढगाळ, वारा बंद. सकाळी सातलाच घामाच्या धारा.

बीगल कुत्रा पाळला की किस्से आपोआप साचतात. मी वही केली ती कानांच्या औषधाच्या वेळा लिहायला. औषधं चार ओळींत संपली, बाकीची पानं आमच्या मंडळींनी भरली. मंडळी म्हणजे सानपाड्याच्या बागेत रोज भेटणारे तिघे: सारसोळ्याचे नाना, मार्केटात कांद्याचा व्यापार करणारे साताऱ्याचे घाडगे आणि मी. तिघांकडे बीगल. जात सशाच्या शिकारीची. आमचे मात्र बिस्किटाच्या पुड्याशिवाय कशाच्याच मागे धावत नाहीत!

*

लोंबत्या कानांत हवा जात नाही, म्हणून ते सारखे चिघळतात. डॉक्टर म्हणाले, "कान कोरडे ठेवा." दुसऱ्या दिवशी घाडग्यांचा मोती बागेत आला तो दोन्ही कान डोक्यावर वळवून, वहिनींच्या गुलाबी क्लिपा लावून!

"काय घाडगे, हलदीला चाललाय का?" नानांनी विचारलं.

"हसा! पण कान सुकला का न्हाई, बघा!"

कान सुकला. एक क्लिप मोतीने गिळली. ती बाहेर आल्याची वेळ वहीत आहे.

*

माझी राणी एकदा घर्रघर्र करत नाकाने श्वास ओढायला लागली. मी सेकंद मोजले, सतरा. तसाच तिला घेऊन दवाखान्यात धावलो.

डॉक्टर म्हणाले, "उलटी शिंक आहे, काही होत नाही. तुम्ही बसा. पाणी प्या."

*

नानांच्या शेराच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळा आला. बीगलना होतो तो. नाना म्हणाले, "नजर लागली हाय!" नानींनी भाकरतुकडा ओवाळून लांब फेकला. शेरा सुसाट सुटला आणि तो खाऊन, शेपूट हलवत परत!

घाडगे म्हणाले, "नजर व्हती डोळ्यात, आता गेली पोटात."

*

शेवटी गोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पण डॉक्टरांनी वजन बघितलं. "अठरा किलो! एवढ्या चरबीवर मी भूल देणार नाही. महिन्यात पंधरावर आणा."

नाना हबकले. घरी जाऊन त्यांनी जाहीर केलं, "शेराला मापून जेवन. आनि तो बरा होईपर्यंत मी पन म्हावरं खानार नाय!"

"मंग तुमच्या वाटचं म्हावरं कुनाला घालू?" नानींनी तव्यावरचे मासे उलटत विचारलं. नाना तोवर शेराला घेऊन फिरायला निघालेसुद्धा.

आज महिना झाला. शेरा काट्यावर एकटा उभा राहत नाही, म्हणून नाना आधी त्याला उचलून चढतात, मग एकटे. वजाबाकी मी करतो. मागच्या वेळी दोघे मिळून शहाण्णव होते: नाना अठ्ठ्याहत्तर, शेरा अठरा. आज काटा ब्याण्णववर थांबला. घाडग्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बोललो ना, माझा पोरगा गुनाचा हाय!" नानांनी शेराचा मुका घेतला.

शेराला खाली ठेवून नाना पुन्हा काट्यावर चढले.

नाना: त्र्याहत्तर. शेरा: एकोणीस. ऑपरेशन: पुढच्या महिन्यात.