विहिरीवरचा माझा पहारा

मी विहिरीत गळ्याइतक्या पाण्यात उभी होते आणि पाणी माझ्याभोवती जांभळं होत चाललं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. नाशकात शेजारच्या आळीत पटकीने माणसं गेली, म्हणून म्युनिसिपालिटीचा माणूस आमच्या विहिरीत औषध टाकायला आला. पूजेचं पाणी बाटेल म्हणून सासूबाईंनी मला काठावर पहाऱ्याला बसवलं होतं. मी मोठी शूर! त्याच्या हातातली पुडी हिसकावली आणि पुडीसकट आत पडले.

"वहिनी, पडलाच आहात तर जरा ढवळा," तो दोर सोडत म्हणाला.

"मेलीने स्वतःच टाकलं!" सासूबाई कडाडल्या.

दुसरी विहीर नव्हती, तेच पाणी प्यायलो. आमच्या आळीतलं कुणीही दगावलं नाही. सासूबाई तर पुढे पुष्कळ वर्षं जगल्या.