टेनिसच्या टीमात कमी पडलेली एक

आमच्या कॉलेजात टेनिसची टीम हाय, हे मला त्या टीमात नाव लागल्यावरच कळलं. बारावी कशीबशी झाली, लग्न झालं, पोरगं झालं, मग लई मागं लागून मी कॉलेजात नाव घातलं. सासऱ्यांनी बजावलं हुतं, फी भरायची वेळ आली तर शिक्षन बंद. आन खेळाच्या सरांनी व्हरांड्यात गाठून सांगितलं, खेळाडूला फी माफ, पोरींच्या टीमला दोघी लागतात, एक कमी हाय.

मी म्हनले, "सर, माझं पोरगं अंगावर पितंय अजून."

"रॅकेटला चालतं," सर म्हनाले.

सर मूळचे व्हॉलीबॉलचे. नेट बी व्हॉलीबॉलचंच, खाली ओढून बांधलेलं. टेनिसचे पैसे दरसाल येतात म्हनं, पन ते फ्लेक्स, हारतुरे आन पाहुन्यांच्या नाष्ट्यात जिरतात, उरल्यात बॉल. बॉल इतके टकले की आपटले तर तिथंच बसायचे. सर लिंबाखाली खुर्ची टाकून मोबाईलवर कुन्या गोऱ्या बाईचा खेळ लावायचे आन मोबाईल आमच्याकडं धरून म्हनायचे, "हां, असं मार." झालं कोचिंग.

मॅच नगरला हुती. पोरगं धरायला सासू संगं आली. सर म्हनाले, "समोरचं कॉलेज येतच न्हाई कधी. नुसतं उभं राहायचं, आपन जिंकलो. पन कोर्ट सोडायचं न्हाई. सोडलं तर टीम बाद, फी भरावी लागंल."

ते कॉलेज आलं.

आमची दुसरी पोरगी पलीकडच्या कोर्टावर खेळत हुती. माझ्या अंगात पोरांच्या टीमचा टी-शर्ट, गुडघ्यापर्यंत. समोरचीनं बॉल मारला तो कानाजवळून गेला, मी बाजूला झाले, सर बाहेरून वरडले, "पुढं ये," मी पुढं गेले तर "मागं, मागं." तेवढ्यात पोरगं रडायला लागलं आन मला पान्हा फुटला, आता जाऊ का राहू, फी डोळ्यापुढं, रडनं कानात. तीन गेम तसेच गेले. मग अंपायर मॅडम म्हनल्या, बाजू बदला, दीड मिनिट बसा.

मी बसायच्या आत सासू चपला घालून कोर्टात आली, पोरगं मांडीवर दिलं, वर ओढनी टाकली.

"टाईम," दीड मिनिट सरलं तशा मॅडम म्हनल्या.

"मला काय सांगता बाई," सासू म्हनली, "ह्याला सांगा. त्यानंच धरून ठिवलंय."

समोरची पोरगी गालात हसली. "मॅडम, माझं बी पानी प्यायचं राहिलंय," म्हनली, आन बाटलीचं झाकन फिरवतच बसली.

पुढं दर बसायला असंच. सहा-शून्य, सहा-शून्य. माझा एकच बॉल पलीकडं गेला, तो बी बाहेर. कॉलेजच्या गेटावर फ्लेक्स लागला, 'झुंजार कामगिरी', मधी सर हसतायत, कडेला माझा अर्धा खांदा.

घरी सासऱ्यांनी इचारलं, "हरली?"

"व्हय," मी म्हनले.

"मग फी कशाची माफ?"

भाकरी थापता थापता सासूच बोलली, "हरायची पद्धतच हाय तिथं. मधनं उठून आली न्हाई, त्याची माफ हाय."

सासऱ्यांनी ताट पुढं ओढलं. मी सकाळच्या कॉलेजच्या एसटीसाठी पिशवी भरून ठिवली.